मूळ कुठलं म्हणायचं?

मागच्या वेळी आपण 'निष्ठा' या शब्दापाशी थांबलो होतो. शेवटी एक प्रश्न आला होता : निष्ठा आपण निवडतो, की ती जन्मानं चिकटते? आज याचं उत्तर आपण मैदानावर शोधू या. मैदान ऑस्ट्रेलियातलं, खेळ रग्बी लीग, आणि स्पर्धेचं नाव 'स्टेट ऑफ ओरिजिन', म्हणजे मूळ राज्य.

खेळाची ओळख थोडक्यात. तेरा-तेरा खेळाडू. अंडाकृती चेंडू छातीशी धरून पळायचं, समोरच्यांनी त्याला पाडायचं. सहा वेळा पाडलं की चेंडू दुसऱ्यांकडे. कबड्डीतली पकड डोळ्यांसमोर आणा, फक्त पळत येणारा गडी शंभर किलोचा. आजच्यापुरतं एवढं पुरे.

न्यू साउथ वेल्स आणि क्वीन्सलंड ही शेजारची राज्यं. एकाची राजधानी सिडनी, दुसऱ्याची ब्रिस्बेन. त्यांच्यात १९०८ पासून सामने होत आले. नियम साधा होता : ज्या राज्यातल्या क्लबकडून खेळता, त्या राज्याच्या संघात तुमची निवड होणार. ऐकायला किती रास्त! पण १९५६ मध्ये न्यू साउथ वेल्सनं क्लबांना पोकर मशीन, म्हणजे जुगाराची यंत्रं, ठेवायला कायदेशीर परवानगी दिली. सिडनीच्या क्लबांकडे पैसा खुळखुळू लागला. क्वीन्सलंडमध्ये तशी परवानगी नव्हती. मग काय होणार? तिथली चांगली पोरं सिडनीला गेली, आणि न्यू साउथ वेल्सचा निळा शर्ट घालून आपल्याच राज्याला हरवू लागली. १९५९ नंतर वीस वर्षं क्वीन्सलंडला मालिका जिंकता आली नाही.

आता बघा, नियम दोघांना अगदी सारखा होता. तरी अन्याय झालाच ना? नियम समान असला की न्याय झाला, असं आपण चटकन समजतो. नियम ज्या जमिनीवर उभा असतो, तिचा उतार कुणीकडे आहे, हेही पाहावं लागतं.

क्वीन्सलंडच्या रग्बी लीग संघटनेचे प्रमुख रॉन मॅकॉलिफ यांनी एक कल्पना लावून धरली. निदान एका सामन्यात खेळाडूला त्याच्या मूळ राज्याकडून खेळू द्या. त्या वर्षीचे पहिले दोन सामने न्यू साउथ वेल्सनं जिंकलेच होते. तिसऱ्यात प्रयोग करायचा ठरला. सिडनीत अनेकांनी त्याची टिंगल केली. ८ जुलै १९८० रोजी ब्रिस्बेनच्या लँग पार्कवर तेहतीस हजारांवर लोक जमले. क्वीन्सलंडचा कर्णधार होता आर्थर बीटसन. वय ३५. रोमा गावचा मुलगा, सिडनीत नाव कमावलेला, न्यू साउथ वेल्सकडून कितीतरी वेळा खेळलेला. स्वतःच्या राज्याचा तपकिरी-लाल शर्ट त्यानं त्या रात्री पहिल्यांदा घातला.

समोर मिक क्रोनिन होता, बीटसनच्याच पॅरामॅटा क्लबातला सोबती. बीटसननं त्याला ठोसा लगावला, अशी कथा आजही सांगतात. फटका किती जोराचा होता यावर वाद आहेत, पण अर्थ सगळ्यांना कळला : आज सोबती नाही. त्याच दिवशी वीस वर्षं पुरी केलेल्या मॅल मेनिंगानं सातपैकी सातही गोल मारले. क्वीन्सलंड २०–१० असं जिंकलं. १९८२ पासून दरवर्षी तिन्ही सामने याच नियमानं होऊ लागले, आणि पुढे २००६ ते २०१३ अशा सलग आठ मालिका क्वीन्सलंडनं जिंकल्या.

इथवर गोष्ट सरळ आहे. पण 'मूळ' म्हणजे काय हो? पीटर स्टर्लिंग जन्मला क्वीन्सलंडमध्ये, खेळला न्यू साउथ वेल्सकडून. ग्रेग इंग्लिस जन्मला न्यू साउथ वेल्समध्ये, आणि क्वीन्सलंडचा लाडका झाला. कारण पूर्वी मोठ्यांच्या गटातला पहिला सामना कुठे खेळलात, हे पाहत. वाद वाढले, तेव्हा २०१२ मध्ये नवे निकष आले. त्यात जन्म कुठला, तेराव्या वाढदिवसाआधी वास्तव्य कुठे होतं, अशा गोष्टी धरल्या. म्हणजे मूळ ठरतं ते समितीच्या बैठकीत! मग ते खोटं का?

आम्हाला कुणी 'गाव कुठलं' विचारलं, की आम्ही कोकणातलं एक गाव सांगतो. तिथे आम्ही उभ्या आयुष्यात सलग पंधरा दिवस राहिलेलो नाही. तरी ते उत्तर खोटं वाटत नाही. कारण मूळ ही नुसती माहिती नसते. ते आधी आपल्याला मिळतं, आणि मग कधीतरी आपण ते आपलं म्हणून पत्करतो. बीटसनला ते जन्मानं मिळालं होतं, पत्करायची संधी मात्र पस्तिसाव्या वर्षी आली. कालच्या प्रश्नाचं आमचं उत्तर हेच.

जोसाया रॉइस या अमेरिकन तत्त्वज्ञाचं निष्ठेवरचं पुस्तकही १९०८ चंच. त्याचा मुद्दा असा, की दुसऱ्याच्या निष्ठेचाही मान राखते तीच खरी निष्ठा. ओरिजिनमध्ये एकमेकांवर तुटून पडलेले खेळाडू थोड्याच दिवसांत एकाच क्लबात खांद्याला खांदा लावून खेळतात. रॉइसची कसोटी इथे लागते.

एक गोष्ट सांगून थांबतो. बीटसन तिथल्या मूळनिवासी समाजातला होता. १९६७ च्या सार्वमतापर्यंत त्या देशाची राज्यघटना या लोकांना लोकसंख्येच्या गणतीत धरत नव्हती. अशा माणसानं 'मूळ' नावाच्या सामन्यात पहिलं नेतृत्व केलं. 'तू मूळचा कुठला?' हा प्रश्न आपल्याकडे पुष्कळदा माणसाला दाराबाहेर काढण्यासाठी विचारतात. त्या रात्री ब्रिस्बेननं तोच प्रश्न एकाला घरी बोलावण्यासाठी विचारला. प्रश्न तोच, विचारणाऱ्याचा हेतू वेगळा. पुढच्या वेळी आपण कुणाला गाव विचारू, तेव्हा आपला हेतू कोणता, एवढं तपासून पाहू या.