मोंतायू : चौकशीच्या कागदांत सापडलेलं गाव

आपल्या विषयाबाहेरचं एकच पुस्तक वाचायला वेळ असेल, तर मी 'मोंतायू' सुचवेन. फ्रेंच इतिहासकार एमान्युएल ल र्वा लादुरी यांचं हे पुस्तक १९७५ मध्ये आलं. विषय काय, तर दक्षिण फ्रान्सच्या पिरेनीज पर्वतात सुमारे १३०० मीटर उंचीवरचं एक खेडं. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे जेमतेम अडीचशे माणसं राहत होती. ना राजा, ना लढाई. मग एवढं जाडजूड पुस्तक कशाच्या जोरावर?

तर एका नोंदवहीच्या. गावातले बरेच जण कॅथर पंथाचे होते आणि चर्चच्या लेखी हा पंथ म्हणजे पाखंड. पामिएचे बिशप जाक फूर्निए यांनी १३१८ ते १३२५ या काळात आसपासच्या गावांतल्या संशयितांना बोलावून कसून चौकशी केली. एकूण ५७८ जबान्या! पुढे १३३४ मध्ये हेच गृहस्थ पोप झाले, आणि ती लॅटिन नोंदवही आज व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे.

फूर्निए खोदून खोदून विचारायचे, त्यामुळे धर्माबरोबर सगळा संसारच कागदावर उतरला. मेंढपाळ हिवाळ्यात कळप घेऊन कुठे जायचे, बायका उन्हात बसून एकमेकींच्या उवा काढताना काय बोलायच्या, सगळं. एका घरचा कर्ता गेला, तेव्हा त्याचे थोडे केस आणि नखं कापून ठेवली, का तर घराचं भाग्य त्याच्याबरोबर जाऊ नये. तिथल्या भाषेत वास्तू आणि कुटुंब दोन्हींसाठी एकच शब्द होता. आपल्या 'घर' या शब्दासारखाच, नाही का?

आता पद्धतीकडे बघा, कारण खरा वाद तिथेच आहे. माणूस ऑक्सितान भाषेत बोलला. लेखनिकाने ते लॅटिनमध्ये टिपलं. मग त्याची नीट प्रत झाली. लादुरींनी त्यावरून फ्रेंचमध्ये लिहिलं. आपण प्रयोगशाळेत विचारतो तेच इथे विचारायला हवं: हा सिग्नल माणसाचा किती आणि उपकरणाचा किती? शिवाय समोर बसलेला माणूस गप्पा मारायला आलेला नव्हता. एक शब्द चुकला तर तुरुंग, कपड्यांवर पिवळा क्रूस, नाहीतर थेट चिता. १३०८ मध्ये तर जवळपास अख्ख्या गावाला अटक झाली होती. म्हणजे काय बोलायचं नाही, हे लोकांना चांगलं ठाऊक होतं. लादुरी हे जबाब कधीकधी फील्डवर्कच्या मुलाखतींसारखे वापरतात, अशी टीका मानववंशशास्त्रज्ञ रेनातो रोसाल्दो यांनी केली. मला ती पटते. तरी पुस्तक टाकाऊ ठरत नाही. उवांच्या गप्पा खोट्या सांगून कुणाला काय मिळणार होतं? जे सहज, ओघात आलंय त्यावर जास्त भरवसा ठेवता येतो. कोण पाखंडी होतं, याबद्दलच्या वाक्यांवर कमी.

आणि गावचा धर्मगुरू पिएर क्लेर्ग. हा आतून कॅथरांचा, वरून चर्चचा खबऱ्या आणि बायकांच्या बाबतीत बदनाम. त्याची एकेकाळची प्रेयसी बेआत्रिस द प्लानिसोल हिने १३२० मध्ये दिलेल्या जबानीत तो अगदी जिवंत उभा राहतो. पुस्तकात पानोपानी आहे. पण त्याचा स्वतःचा जबाब नोंदवहीत नाही. तो तुरुंगातच मेला. आपल्याला माहीत असलेला क्लेर्ग सगळा इतरांच्या तोंडचा आहे, आणि त्यातले कित्येक जण त्याच्यावर दात खाऊन होते.