लिंबाच्या रोपाला पाचट कुठे घालावे?

भिवंडीच्या बाजूला परसातल्या लिंबाला कडाक्याची थंडी ठाऊकच नाही. खाडीची दमट हवा रात्रीचा पारा फार उतरू देत नाही. तोच आग्रा रोड धरून कसारा घाट चढून आमच्या निफाडकडे या, गोष्टच वेगळी. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस इथे पारा २ अंशांच्या आसपास गेला होता व द्राक्षवाले पहाटे बागेत शेकोट्या पेटवून बसले होते.

भिवंडीहून आणलेली कागदी लिंबाची पाच रोपे आम्ही बांधाला लावली आणि खोडव्यात ठेवतो तसे पाचट बुंध्याशी वीतभर अंथरले. मुळांना ऊब राहील, हा आमचा हिशोब. पौषात तीन रोपे करपली.

चुकले ते असे. जमीन दिवसा ऊन पिते आणि रात्री ती ऊब वर सोडते. रोपाला रात्री आधार असतो तो तिचाच. पाचटाने ती खालीच कोंडली. त्यात आभाळ निरभ्र व वारा पडलेला असला, की पाने भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. थर्मामीटर ३ अंश दाखवत असला तरी पानावर दव गोठू शकते. म्हणून थंडीच्या दिवसांत बुंध्याजवळची जमीन उघडी ठेवावी व संध्याकाळी विहिरीचे पाणी द्यावे. ओली जमीन जास्त ऊब धरते.

पाचट मात्र टाकू नये, जाळू तर नयेच. ते रोपाच्या वर हवे. तीन बाजूंनी कुड, वर छप्पर, आणि आग्नेयेची बाजू सकाळच्या उन्हाला मोकळी. पहिली दोन वर्षे एवढे करावेच. मोसंबी-संत्रा त्यामानाने सोशिक, पण कलमाच्या डोळ्याच्या वरपर्यंत मातीची भर द्यावी. थंडी सरताच ती काढावी, नाहीतर साल कुजते.

दिवाळीनंतर युरिया नको. कोवळी फूट गारठ्यात आधी मरते. अमेरिकेत फ्लोरिडात डिसेंबर १८९४ च्या हिमाने झाडे होरपळली, मग उबेने पुन्हा फुटली, आणि फेब्रुवारी १८९५ च्या हिमाने ती फूट झाडासकट गेली.

करपलेल्या फांद्या लगेच छाटू नयेत. फाल्गुनात फूट कुठवर येते ते पाहावे. आमच्या तिघांतले एक आम्ही उपटायलाच निघालो होतो, तर बुंध्याशी हिरवा कोंब दिसला.