पायाखालच्या जमिनीची बातमी

हे पातळ तळाचे बूट हातात घेतल्यावर पहिला प्रश्न पडतो तो हाच, की यात धावायचं कसं? त्यांची गुंडाळी केली तर मुठीत मावते. टाचेखाली गादी नाही, कमानीखाली आधार नाही. नेहमीच्या धावण्याच्या बुटात टाच चवड्यापेक्षा साधारण 10 ते 12 मिलिमीटर उंच असते. इथे दोन्ही एकाच पातळीवर. तळपाय आणि जमीन यांच्यामध्ये फक्त काही मिलिमीटर रबर.

ते घालून मी सिमेंटच्या सपाट वाटेवर धावायला लागले आणि थोड्याच अंतरात माझी चाल बदलली. पावलं आखूड झाली, भरभर पडू लागली. एरवी आधी टाच टेकायची. आता चवड्याची बाहेरची कड आधी टेकत होती आणि टाच मागाहून हलकेच खाली येत होती. गुडघे थोडे जास्त वाकत होते. पावलांचा धपधप आवाजही कमी झाला. हे मला कुणी शिकवलं नव्हतं आणि मी ठरवून केलेलंही नव्हतं. मग ठरवलं कुणी?

धावताना पाऊल जमिनीला साधारण पाव सेकंद टेकतं आणि तेवढ्यात त्यावर शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार येतो. हार्वर्ड विद्यापीठातले डॅनिएल लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केनिया आणि अमेरिकेतल्या धावपटूंचा हा भार मोजला आणि 2010 मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत निष्कर्ष मांडले. टाच आधी आपटली की पाऊल आणि नडगी जागीच थांबतात, आणि भाराच्या आलेखात सुरुवातीलाच एक टोकदार सुळका उठतो. चवडा आधी टेकला तर घोटा वाकतो, पोटरी ताणली जाते, टाच सावकाश खाली येते. खाली येणारा वेग एकदम न थांबता घोट्याच्या वळण्यात मुरतो. अनवाणी धावण्याची सवय असलेल्या आणि चवड्यावर उतरणाऱ्या धावपटूंच्या आलेखात तो सुळका जवळपास नसतोच. त्यांना बसणारा सुरुवातीचा धक्का बूट घालून टाचेवर उतरणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश होता.

सिमेंटवर उघडी टाच आपटली तर दुखते, आणि शरीर दुखणं टाळतं. पण त्यासाठी आधी बातमी पोचायला हवी. तळपायाच्या कातडीत दाब, ताण आणि कंपनं टिपणाऱ्या चेतातंतूंची टोकं पसरलेली असतात. जमीन किती कठीण आहे, कुठे उतार आहे, कुठे खडा आहे, हे ती सतत कळवत असतात. जाड गादी धक्का सौम्य करते तशी ही बातमीही सौम्य करते. पातळ तळ ती जवळजवळ जशीच्या तशी पोचू देतो, आणि चाल बदलण्याचा निर्णय बराचसा आपल्या नकळत होऊन जातो.

मग वर्षानुवर्षं अनवाणी चालून ज्यांच्या तळपायाला जाड घट्टे पडलेत, त्यांच्या पायाला जमीन कमी कळत असेल का? 2019 मध्ये ‘नेचर’मध्येच आलेल्या एका अभ्यासाने याचं उत्तर दिलं. केनियातल्या अनवाणी चालणाऱ्यांचे घट्टे खूप जाड होते, पण त्यामुळे तळपायाची संवेदना घटलेली आढळली नाही. घट्टा जाड असला तरी कडक असतो, मऊ नसतो. म्हणून खालचा दाब तो आतल्या चेतातंतूंपर्यंत पोचवतो. संरक्षणही देतो आणि बातमीही अडवत नाही.

बातमी मिळाल्यावर तिच्याप्रमाणे वागू शकेल अशी रचनाही पावलात आहे. एका पावलात 26 हाडं. दोन्ही पावलांची मिळून 52, म्हणजे शरीरातल्या 206 हाडांपैकी चौथा हिस्सा फक्त पावलांत. तळाची कमान ही खरोखर धनुष्यासारखी आहे, आणि टाचेपासून बोटांपर्यंत ताणलेला चिवट पट्टा ही तिची दोरी. भार आला की कमान थोडी दबते, भार हटला की उसळते. रॉबर्ट केर, मॅकनील अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये अंदाज बांधला, की धावताना प्रत्येक पावलाला जी यांत्रिक ऊर्जा खेळते तिच्यातली सुमारे 17 टक्के ही कमान साठवून परत करते, आणि टाचेमागची अ‍ॅकिलिसची कंडरा सुमारे 35 टक्के.

ही कमान घडते लहानपणी. भास्कर राव आणि बेंजामिन जोसेफ या भारतीय डॉक्टरांनी 2300 मुलांच्या पावलांचे ठसे तपासून 1992 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. पादत्राणं वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचं प्रमाण 8.6 टक्के होतं, न वापरणाऱ्यांत 2.8 टक्के. पुढून बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वांत जास्त होतं, चपला-सँडलवाल्यांत त्याहून कमी.

1960 मध्ये रोमला इथिओपियाचे अबेबे बिकिला यांनी ऑलिम्पिक मॅरेथॉन अनवाणी धावून 2 तास 15 मिनिटं 16 सेकंदांत जिंकली, तेव्हाच उघड्या पायाची ताकद जगाला दिसली होती. चारच वर्षांनी टोकियोत त्यांनी बूट घालून पुन्हा सुवर्ण जिंकलं, हेही तितकंच खरं. पातळ बुटांची लाट आली ती 2009 नंतर. क्रिस्टोफर मॅकडूगल यांच्या ‘बॉर्न टू रन’ या पुस्तकामुळे मेक्सिकोतल्या दऱ्याखोऱ्यांत टायरच्या रबराच्या साध्या वहाणा घालून मैलोन्‌मैल धावणारे रारामुरी लोक घरोघर पोचले. पाच बोटं वेगळी असलेला व्हिब्रम कंपनीचा बूट त्याआधीच बाजारात आलेला होता, तो आता हातोहात खपू लागला.

या लाटेने एक गोष्ट मात्र मागे सोडली: हाडांचा जुळवून घेण्याचा वेग. 2013 च्या एका अभ्यासात सराईत धावपटूंच्या एका गटाने 10 आठवड्यांत हळूहळू पाच बोटांच्या बुटांकडे वळायचं होतं. शेवटी एमआरआय काढले तेव्हा त्या गटातल्या 19 पैकी 10 जणांच्या पावलांच्या हाडांत ताणाची सूज वाढलेली दिसली. त्याच वर्षी केनियातल्या दासनेच लोकांवरचा अभ्यास आला. हे लोक जन्मभर अनवाणी, पण आरामशीर वेगात त्यांतले बहुतेक जण टाचेवरच उतरत होते. धावण्याची एकच एक नैसर्गिक रीत नाही. वेग, जमीन आणि सवय यांनुसार पाऊल आपली रीत बदलतं.

म्हणून सुरुवात करायची तर आधी घरात अनवाणी वावरावं, मग या बुटांत चालावं, आणि नेहमीच्या धावण्याच्या शेवटी मोजकी मिनिटं ते घालून धावावं. पोटऱ्या भरून येणं अपेक्षित आहे; त्यांच्यावर नवं काम पडलेलं असतं. पण पावलाच्या वरच्या बाजूला हाडावर एकाच ठिकाणी दुखू लागलं तर लगेच थांबायला हवं. मधुमेहामुळे ज्यांच्या तळपायाची संवेदना कमी झाली आहे त्यांनी हा प्रयोग करू नये. त्यांच्या पायाला जखम झाल्याची बातमीच पोचत नाही, आणि हे बूट सर्वस्वी त्या बातमीच्या भरवशावर चालतात.

बाकीच्यांनी हा अनुभव एकदा जरूर घ्यावा, नेहमीचे बूट न टाकता. चाल काही मिनिटांत बदलते, स्नायूंना आठवडे लागतात, हाडांना महिने. पाय पहिल्याच दिवशी हुशारी दाखवतो, तेव्हा हुरूप येतो आणि वेग वाढवावासा वाटतो. नेमकं तेव्हाच थांबून हाडांना वेळ द्यायचा, एवढंच आपण स्वतः ठरवून करायचं काम उरतं. बाकीचं पाऊल बघून घेतं.