उंचावरचे पाणी : पँगाँगपासून राकसकोपपर्यंत

पाऊस कितीही पडो, डोंगरमाथ्यावर पाणी वर्षभर साठून राहायचे तर जमिनीत खोलगट जागा लागते आणि त्या जागेचा तळही न गळणारा असावा लागतो. हिमालयात ही सोय मुख्यतः हिमनद्यांनी आणि भूकवचाच्या हालचालींनी केली. सह्याद्रीत ती माणसाला बांध घालून करावी लागली. बेळगाव, निपाणी आणि चंदगड या सीमाभागातील रहिवासी उन्हाळ्यात लडाखची सरोवरे पाहायला जातात आणि पावसाळ्यात राकसकोप, तिलारी, राधानगरी या जलाशयांच्या काठावर जमतात. ही दोन्ही पाणी दिसायला निराळी असली, तरी त्यांचे आयुष्य आणि त्यांचे देखणेपण सभोवतालच्या उतारांवर अवलंबून आहे.

बर्फाने कोरलेली, भूकवचाने घडवलेली

हिमनदी म्हणजे उतारावरून संथपणे सरकणारा बर्फाचा प्रचंड साठा. सरकताना ती खडक खरवडते, तळाशी खळगे पाडते आणि सोबत आणलेले दगडगोटे टोकाशी रचून ठेवते. या ढिगाऱ्याला हिमोढ म्हणतात, आणि बर्फ मागे हटल्यावर खळग्यात किंवा हिमोढाच्या आड पाणी साचून सरोवर तयार होते. हिमाचल प्रदेशातील स्पीती भागातले, सव्वाचार हजार मीटरांच्या आसपास उंची असलेले चंद्रताल अशाच पर्वतीय सरोवरांपैकी आहे. लडाखमधील पँगाँगची घडण वेगळी आहे. भूकवचाच्या हालचालींनी घडलेल्या अरुंद दरीत ते सुमारे १३४ किलोमीटर पसरले असून त्याचा मोठा भाग तिबेटात आहे. त्यातून पाण्याला बाहेर जाण्याची वाट नसल्याने पाणी केवळ वाफ होऊन जाते, क्षार मागे उरतात आणि सरोवर खारट होते. मानसरोवर गोडे आणि शेजारचा राक्षसताल खारट, हा फरकही पाण्याच्या येण्याजाण्याच्या वाटांशी निगडित आहे.

या सरोवरांचा निळा रंग हे प्रवाशांचे पहिले आकर्षण असते. स्वच्छ आणि खोल पाणी सूर्यप्रकाशातील तांबडा भाग शोषून घेते व निळा परत पाठवते. थंडीमुळे आणि पोषकद्रव्यांच्या कमतरतेमुळे शेवाळ फारसे वाढत नाही, त्यामुळे पाणी गढूळ होत नाही. हिमनदीने दळलेल्या खडकाचे पिठासारखे बारीक कण पाण्यात तरंगत असतील, तर त्यात हिरवट छटा मिसळते.

बेळगावचे पँगाँगशी एक नाते आहे. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेजिमेंटल सेंटर बेळगावात आहे, आणि २६ डिसेंबर २०२४ रोजी पँगाँगच्या काठी १४,३०० फूट उंचीवर छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण ज्यांच्या हस्ते झाले, ते लेफ्टनंट जनरल हितेश भल्ला याच रेजिमेंटचे कर्नलपद भूषवत होते. मात्र तेथे जाणाऱ्या पर्यटकाने उंचीचा हिशेब आधी समजून घ्यायला हवा. बेळगाव सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि पँगाँग सुमारे ४,२५० मीटरवर. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साठ टक्के असल्याने प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. साधारण अडीच हजार मीटरांच्या वर डोकेदुखी, मळमळ, निद्रानाश अशी विरळ हवेच्या आजाराची लक्षणे दिसू शकतात, म्हणून विमानाने साडेतीन हजार मीटरांवरील लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस विश्रांती घेणे आणि त्रास वाढल्यास तातडीने खाली येणे, हेच सुरक्षित असते.

हिमोढाचा बांध सैल दगडमातीचा असल्याने तो फुटूही शकतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये सिक्कीममधील दक्षिण ल्होनाक हे हिमनदीचे सरोवर फुटले आणि तिस्तेच्या खोऱ्यात आलेल्या लोंढ्याने चुंगथांग येथील धरण वाहून नेले. तापमान वाढत असताना हिमनद्या मागे हटतात आणि अशी सरोवरे वाढतात, त्यामुळे हा धोका हिमालयाच्या अन्य खोऱ्यांनाही आहे.

सह्याद्रीत नैसर्गिक सरोवरे का नाहीत

सह्याद्रीच्या माथ्यावरील आंबोलीत वर्षाला सरासरी सुमारे ७,००० मिलिमीटर पाऊस पडतो, तरीही तेथे मोठे नैसर्गिक सरोवर नाही. सह्याद्रीच्या या भागात हिमनद्या नव्हत्या, त्यामुळे खळगे कोरले गेले नाहीत. आणि येथील पृष्ठभाग इतका जुना आहे की नद्यांना पाण्यासाठी वाटा कोरायला लक्षावधी वर्षे मिळाली आहेत. त्यात माथ्यावरचा जांभा दगड सच्छिद्र आहे. पावसाचे पाणी त्यातून झिरपते, खालच्या मातकट थरावर अडते आणि उतारावर झरा होऊन बाहेर पडते. त्यामुळे सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, पावसाळ्यात उथळ डबकी भरतात आणि पाऊस सरला की आटतात, तर कड्याच्या पोटातले झरे उन्हाळ्यातही वाहत राहतात.

आंबोलीतील हिरण्यकेशी नदीचे उगमस्थान याचे उत्तम उदाहरण आहे. तेथील मंदिराजवळच्या गुहेतून येणारे पाणी कुंडात उतरते आणि पुढे आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर या वाटेने घटप्रभेला मिळते. या कुंडात राहणाऱ्या आणि स्थानिकांनी ‘देवाचा मासा’ म्हणून जपलेल्या लहानशा माशाचे २०२० मध्ये ‘स्किस्टुरा हिरण्यकेशी’ या नावाने शास्त्रीय वर्णन झाले, आणि २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने त्या स्थळाला जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा दिला.

बांधलेले तलाव

सह्याद्रीचा पश्चिम उतार कड्यासारखा तुटलेला, तर पूर्व उतार मंद आहे. त्यामुळे माथ्यावरच्या नद्या काही अंतर रुंद, उथळ खोऱ्यातून वाहतात, आणि दोन टेकड्यांमधली चिंचोळी जागा अडवली की मागे विस्तीर्ण पाणी पसरते. मार्कंडेय नदीवरील राकसकोप जलाशय असाच आहे. गाव कर्नाटकात, शेजारचे तुडये महाराष्ट्रात, आणि पाणी बेळगाव शहराच्या नळांना. पावसाळ्यात बेळगावची वृत्तपत्रे या जलाशयाची पातळी रोज समुद्रसपाटीपासूनच्या फुटांत छापतात, आणि ती २,४७५ फुटांवर पोहोचली की जलाशय भरल्याची बातमी घरोघरी आनंदाने वाचली जाते. बेळगावला पाणी देणाऱ्या हिडकल धरणाकडेही चंदगडच्या बाजूने घटप्रभा आणि ताम्रपर्णी यांचेच पाणी येते.

निपाणीचा संबंध दूधगंगा आणि वेदगंगा यांच्याशी आहे. दूधगंगेवरील काळम्मावाडी धरण हा दोन्ही राज्यांचा संयुक्त प्रकल्प असून ही नदी कोगनोळीजवळ महामार्गाखालून जाते, तर पाटगावकडून आलेली वेदगंगा निपाणी तालुक्यात तिला मिळते. या पूर्ववाहिनी नद्यांच्या तुलनेत तिलारीची तऱ्हा उलटी आहे. तिलारीनगरजवळ चंदगडच्या माथ्यावर साठवलेले पाणी पश्चिमेला कोकणात उतरवून त्यावर ६० मेगावॉट क्षमतेचे वीजकेंद्र चालवले जाते आणि नदी पुढे गोव्याला जाते.

पाहायला जाताना

पँगाँग, चंद्रताल यांसाठी उन्हाळ्याचे मोजके महिने उपलब्ध असतात, पण सीमाभागातील जलाशय पाहण्यास सप्टेंबरअखेर ते डिसेंबर हा काळ उत्तम, कारण तेव्हा तलाव भरलेले, हवा निवळलेली आणि रस्ते कोरडे असतात. निपाणी–देवगड रस्ता मुधाळतिट्ट्यावरून राधानगरी आणि दाजीपूरकडे नेतो. तेथे राजर्षी शाहू महाराजांनी उभारणी सुरू केलेल्या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आहेत, जे पाणी ठरावीक पातळीला पोहोचताच विजेशिवाय आपोआप उघडतात, आणि भोवती गव्यांसाठी प्रसिद्ध असलेले, १९५८ पासूनचे अभयारण्य आहे. बेळगाव–वेंगुर्ला रस्त्याने आंबोली, आणि चंदगडहून तिलारीनगर व पारगड, हे दौरेही एका दिवसात होतात.

तलाव भरतो तो पाणलोट क्षेत्रातून, म्हणजे ज्या भूभागावर पडलेले पाणी उताराने त्याच्यात येते त्या भागातून. तेथील जंगल तुटले की माती सुटते, गाळ तळाशी बसतो आणि साठवणक्षमता वर्षागणिक घटते. काठावर फेकलेल्या बाटल्या आणि सांडपाणी यांमुळे तेच पाणी दूषित होते, जे पुढे एखाद्या शहराच्या घागरीत जायचे असते. सीमाभागात अनेक ठिकाणी पाणलोट एका राज्यात आणि पाणी वापरणारे दुसऱ्या राज्यात आहेत. म्हणून चंदगडच्या डोंगरावरील एक झाड राखणे हा बेळगावच्याही हिताचा विषय ठरतो. पर्यटनाचे नियम, कचऱ्याची व्यवस्था आणि वनराखण यांचा विचार दोन्ही राज्यांनी खोरे हा एकच घटक मानून केला, आणि प्रवाशांनीही काठाइतकाच वरचा उतार महत्त्वाचा मानला, तर माणसाने बांधलेले हे तलाव आणखी अनेक पिढ्या पाण्याने भरलेले राहू शकतील.