विश्लेषण : डॉक्टरांच्या फाइलवरचे ‘ॲब्लेशन’ आणि अवकाशयानाचे कवच... ‘ॲब्लेट’ म्हणजे नेमके काय?

हृदयाचे ठोके अनियमित पडतात म्हणून तपासण्या होतात आणि फाइलवर ‘आरएफ ॲब्लेशन’ असा सल्ला लिहून मिळतो. घरी येऊन मोबाइलवर शब्द शोधला की ‘जाळून नष्ट करणे’ असा अर्थ समोर येतो आणि घरच्यांची झोप उडते. हृदय जाळणार? अर्थ चुकीचा नाही, पण अर्धाच आहे.

पंचमी विभक्तीचा नातेवाईक

लॅटिनमध्ये ‘अब’ म्हणजे पासून, दूर आणि ‘लातुस’ म्हणजे नेलेले. दूर नेलेले ते ‘अब्लातुस’. यावरूनच लॅटिन व्याकरणातल्या एका विभक्तीला ‘ॲब्लेटिव्ह’ म्हणतात. शाळेत ‘ऊन, हून’ घोकून पाठ केलेली आपली पंचमी तिच्याच जातकुळीतली. ‘पुण्याहून निघाला’ यातला ‘हून’ जो वियोग दाखवतो, तोच ‘ॲब्लेट’च्या मुळाशी आहे.

झिजणे हेच काम

हिमनदीच्या अभ्यासात बर्फ वितळून, थेट वाफ होऊन किंवा कडे तुटून जितका कमी होतो, त्या सगळ्या घटीला ॲब्लेशन म्हणतात. हिमाचलातल्या छोटा शिग्री हिमनदीवर २००२पासून ही मोजणी होते. पद्धत अगदी साधी : बर्फात भोक पाडून बांबू रोवायचा आणि काही काळाने तो किती उघडा पडला ते पाहायचे.

अवकाशयानात मात्र हे झिजणे मुद्दाम घडवले जाते. चंद्राकडून परतणारे यान ताशी सुमारे ४० हजार किलोमीटर वेगाने वातावरणात शिरते. त्याचे कवच जळत, कोळसा होत थराथराने निघून जाते आणि जाताना उष्णता सोबत नेते. कवच झिजते म्हणून आतली माणसे वाचतात. इस्रोने १८ डिसेंबर २०१४ रोजी ‘केअर’ मोहिमेत मानवी कुपीची चाचणी घेतली, तेव्हाही असेच कवच वापरले होते.

पण झीज समान व्हायला हवी. ‘नासा’च्या आर्टेमिस-१ मोहिमेतील ओरायन यान डिसेंबर २०२२मध्ये परतले तेव्हा कवचाचे तुकडे अनपेक्षितपणे उडालेले दिसले. आत तयार झालेल्या वायूला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, त्यामुळे दाब वाढून कवचाला तडे गेले, असे तपासात निघाले.

मग हृदयाचे काय?

इथे गंमत अशी, की हृदयातून काहीच ‘नेले’ जात नाही. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत पोहोचवतात. चुकीचे विद्युत संकेत जिथून निघतात किंवा फिरतात, तेवढ्याच जागी रेडिओलहरींनी ५० अंश सेल्सिअसच्या वर उष्णता देतात. तिथल्या पेशी मरतात, व्रण तयार होतो आणि व्रणातून वीज वाहत नाही. म्हणजे जाळायचे ते हृदय नव्हे, बिघडलेली वायरिंग. काही रुग्णालयांत उष्णतेऐवजी गोठवणे किंवा विजेचे स्पंद वापरतात. तरीही नाव ॲब्लेशनच.

डोळ्यांच्या लॅसिकमध्ये हा शब्द पुन्हा मूळ अर्थावर येतो : लेझरचा प्रत्येक स्पंद बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याचा मायक्रॉनच्याही अंशाइतका थर उडवतो. एआय क्षेत्रात तर प्रणालीचा एकेक भाग काढून ‘आता काय बिघडते’ हे पाहण्यालाही ‘ॲब्लेशन स्टडी’ म्हणतात.

त्यामुळे मराठीत एकच प्रतिशब्द शोधणे व्यर्थ. कुठे झिजणे, कुठे निकामी करणे, कुठे काढून पाहणे. फाइलवर हा शब्द दिसला तर आधी विचारायचे : कशाचे ॲब्लेशन, कशाने आणि नंतर काय? गर्भाशयाच्या अस्तराचे ॲब्लेशन अतिरक्तस्राव थांबवण्यासाठी करतात, पण पुढे मूल हवे असलेल्या स्त्रीसाठी ते नाही. शिवाय ते गर्भनिरोधकही नाही; नंतर गर्भ राहिला तर आई आणि बाळ दोघांनाही धोका असतो. हा भाग फाइलवरच्या त्या एका शब्दात कुठेच दिसत नाही.