बिलाची कॉन्ट्री आणि वेटरची टिप

जेवण संपतं, बडीशेपेसोबत बिल येतं आणि कोणीतरी मोबाइलवर भागाकार करून मोकळं होतं. चौघं होते, भागिले चार. हिशेब सोपा, पण बरेचदा अन्यायाचा.

पुण्यातल्या एखाद्या हॉटेलातलं चौघांचं टेबल घ्या. एकीने डाळखिचडी आणि ताक घेतलं, ३०० रुपये. दुसरीची पनीर-रोटी ४०० ची, तिसऱ्याची बिर्याणी आणि लस्सी ५०० ची. चौथ्याने सुरमई थाळीवर कोळंबी फ्राय मागवली, ८००. बेरीज २,०००. त्यावर ५ टक्के जीएसटी. बिलावर तो अडीच-अडीच टक्क्यांच्या दोन ओळींत दिसतो, एक केंद्राचा, एक राज्याचा. एकूण २,१००. सरसकट वाटणीत प्रत्येकी ५२५. खिचडीवालीचा खरा वाटा मात्र ३१५ आणि सुरमईवाल्याचा ८४०. तिच्या खिशातून २१० रुपये जास्तीचे गेले. नुकतीच नोकरी लागलेल्या मुलीला ही रक्कम जाणवते. तरी ती बोलत नाही, कारण पैशांचा विषय काढला की चिकटपणाचा शिक्का बसतो. म्हणूनच, ज्याने भरपूर खाल्लं त्यानेच हा विषय आधी काढावा.

योग्य वाटणी अवघड नाही. एकूण बिलाला पदार्थांच्या बेरजेने भागायचं. इथे उत्तर १.०५ येतं. आपापल्या पदार्थांच्या किमतीला त्याने गुणलं की कर आणि सवलत दोन्ही प्रमाणात वाटली जातात. मधे ठेवलेलं स्टार्टर ज्यांनी खाल्लं त्यांच्यातच वाटावं. दारूचा हिशेब वेगळाच मांडावा. तिच्यावर जीएसटी नसतो, राज्याचा व्हॅट लागतो, आणि न पिणाऱ्याने तो भरण्याचं काहीच कारण नाही.

भागाकाराआधी बिल नीट वाचायला हवं. ५ किंवा १० टक्के 'सर्व्हिस चार्ज' अशी ओळ दिसली, तर तो सरकारी कर नव्हे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या: हॉटेलाने हा आकार आपोआप लावू नये, नाव बदलूनही वसूल करू नये. हॉटेलमालकांच्या संघटना न्यायालयात गेल्या. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने या सूचना कायम ठेवल्या आणि संघटनांना प्रत्येकी एक लाख रुपये भरायला सांगितले. तेव्हा सर्व्हिस चार्ज काढायला सांगण्यात संकोच नको. हॉटेल ऐकत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

टिप हा मात्र पूर्णपणे ग्राहकाच्या मर्जीचा भाग. ती कराआधीच्या रकमेवर काढावी: २,००० चं शेवटचं शून्य झाकलं की १० टक्के, म्हणजे २००, त्याचं निम्मं ५ टक्के. कूपनमुळे बिल उतरलं असेल, तर मूळ रक्कम धरावी, कारण वेटरची धावपळ काही कमी झालेली नसते.

हल्ली बिल क्यूआर कोडवर भरलं जातं आणि ते पैसे हॉटेलच्या खात्यात जातात. त्यातच टिप मिसळली, तर वेटरपर्यंत किती पोहोचली हे ग्राहकाला कळत नाही. काही ठिकाणी काउंटरवर डबा असतो आणि स्वयंपाकघरातल्यांनाही त्यातून वाटा मिळतो; ही पद्धत चांगली. म्हणून उठण्याआधी वेटरलाच विचारा, टिप कशी वाटली जाते. डबा नसेल, तर रोख रक्कम त्याच्या हातात द्या.