जुनी पिकअप घेण्यापूर्वी

जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळया तयार करणारे अनेक कारखाने आहेत, बियाण्यांच्या कंपन्या आहेत. साहजिकच येथे डिझेलवर चालणाऱ्या छोट्या मालवाहू पिकअप गाड्यांची सतत ये-जा असते. दुसऱ्याच्या गाडीवर राबणाऱ्या ड्रायव्हरला स्वतःची गाडी हवी असते. नवी परवडत नाही, म्हणून तो जुनी शोधतो. साठवलेले पैसे आणि वर कर्ज, असा हा सौदा असतो. गाडी घेतल्यावर दोन-तीन महिन्यांत इंजिन खोलावे लागले, तर भाडे बंद पडते आणि हप्ता मात्र चालूच राहतो. आपल्या वर्गातील एखाद्या मुलाच्या घरीही आज हा विचार चालू असेल.

अशा वेळी ओळखीच्या मिस्त्रीला सोबत न्यावे हे खरेच. पण मिस्त्री जे पाहतो, त्यामागचे विज्ञान शाळेतल्या पुस्तकाच्या फारसे बाहेर नाही. ते आपण क्रमाने पाहू.

इंजिन थंड असतानाच का पाहायचे?

पेट्रोलच्या इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग असतो. डिझेलच्या इंजिनात ठिणगी नसते. रुडॉल्फ डीझेल या जर्मन अभियंत्याचे इंजिन १८९७ मध्ये यशस्वी ठरले, ते एका साध्या तत्त्वावर: हवा झपाट्याने दाबली की ती तापते. सायकलला पंपाने हवा भरताना पंपाचे खालचे टोक गरम लागते, त्याचे एक मोठे कारण हेच.

समजा, २७ अंश सेल्सिअसची हवा दट्ट्याने दाबून तिचे आकारमान एक-अठरांश केले. उष्णता अजिबात बाहेर गेली नाही, तर गणिताने तिचे तापमान ६८० अंशांच्या आसपास जाते. प्रत्यक्षात काही उष्णता सिलिंडरच्या भिंतींत जाते, काही हवा निसटते; तरीही उरलेले तापमान डिझेलचा फवारा पेटवायला पुरते.

आता दट्ट्यावरच्या रिंगा झिजल्या आहेत असे समजू. हवा फटीतून निसटेल, दाब कमी पडेल, तापमानही कमी राहील. इंजिन गरम असताना ही उणीव झाकली जाते, कारण भिंती आधीच तापलेल्या असतात. थंडीतल्या सकाळी, सेल्फ मारल्यावर इंजिन सावकाश फिरत असताना, हवेला निसटायला आणि थंड व्हायला सर्वांत जास्त वेळ मिळतो. म्हणून दुखणे तेव्हाच उघडे पडते. आपण पोहोचण्यापूर्वीच मालकाने गाडी चालू करून ठेवली असेल, तर ‘उद्या सकाळी पुन्हा येतो’ असे सांगावे. बोनेट उघडून आधी इंजिन गार आहे याची खात्री करावी आणि मगच सेल्फ मारायला सांगावे. चांगले इंजिन दोन-तीन सेकंदांत सुरू होते.

इंजिन सुरू असताना ऑइल भरण्याचे झाकण सैल करून पाहावे. हलकी वाफ येणे स्वाभाविक आहे. धुराचे जोरदार झोत येत असतील, तर जळालेला वायू रिंगांच्या बाजूने खाली उतरतो आहे.

धुराचा रंग

काळा धूर म्हणजे न जळलेला कार्बन: हवा कमी किंवा इंधन जास्त. कधी नुसता एअर फिल्टर चोंदलेला असतो, कधी नोजल बिघडलेले असते. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. हा खर्चाचा इशारा. पांढरा धूर सुरुवातीला क्षणभर दिसून विरला, तर काळजी नाही. तो टिकला, तर डिझेल न पेटताच बाहेर पडते आहे किंवा सिलिंडरमध्ये पाणी शिरते आहे.

येथे एक सावधगिरी हवी. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकाच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. तेथे काळा धूर दिसला नाही, एवढ्यावरून इंजिन चांगले ठरत नाही.

ऑइल आणि पाणी

काडीवरचे ऑइल काळे दिसले म्हणून घाबरू नये. डिझेलची काजळी त्यात मिसळतेच. ते दुधाळ चहासारखे दिसले, तर मात्र त्यात पाणी मिसळले आहे. रेडिएटरचे झाकण थंड असतानाच उघडावे. आत दाब असल्यामुळे पाणी १०० अंशांच्या वरही उकळत नाही. गरम असताना झाकण काढताच दाब उतरतो आणि ते उसळून अंगावर येते. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला, तर तेही वाईट लक्षण.

हौदा भरलेला दिसत नाही, तरीही

जालन्यातली गाडी पाहताना हा भाग सर्वांत महत्त्वाचा. दीड टन क्षमतेच्या गाडीचा हौदा अडीच मीटर लांब आणि १.७ मीटर रुंद आहे असे धरू. सुटा कापूस भरला, तर वजन होण्याआधीच हौदा भरतो. पण पोलादाचा एक घनमीटर सुमारे ७,८५० किलोग्रॅम भरतो. दीड टन पोलाद या हौद्यात सपाट पसरले, तर थराची जाडी होते जेमतेम साडेचार सेंटीमीटर! सळयांमध्ये फटी असतात म्हणून त्यांचा थर थोडा जाड होईल, इतकेच. हौदा जवळजवळ रिकामा दिसतो आणि गाडी मात्र पूर्ण भरलेली असते. ‘अजून थोडे टाका’ म्हणायला येथे वेळ लागत नाही.

या जादा वजनाच्या खुणा खाली वाकून शोधाव्या लागतात. गाडी सपाट जागी उभी करून हौद्याच्या दोन्ही बाजूंची जमिनीपासूनची उंची टेपने मोजावी. फरक असेल तर एका बाजूचे पाटे बसलेले असू शकतात. पाट्यांच्या जुडीत नंतर घातलेला पाटा दिसला, तर गाडीने काय वाहिले असेल याचा अंदाज येतो. चासीवर वेल्डिंगचे डाग किंवा एकाच ठिकाणी ताजा रंग दिसला, तर कारण विचारावे. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसेच चासीचे होते. आधी बारीक चीर पडते. पत्र्यावर चुंबक फिरवावा. जेथे तो नीट धरत नाही, तेथे रंगाखाली पुटी आहे.

मीटर आणि कागद

मीटर मागे फिरवता येतो, हिशेब फिरवता येत नाही. जालना ते छत्रपती संभाजीनगर हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. रोज एक फेरी आणि वर्षाला ३०० दिवस धरले, तर वर्षाचे ३६,००० किलोमीटर होतात. अशा कामावर पाच वर्षे असलेल्या गाडीचा मीटर ६०,००० दाखवत असेल, तर पेडलचे गुळगुळीत रबर आणि घासलेले स्टिअरिंग काय सांगते तेही पाहावे.

आरसीवरचा चासी नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर स्वतः ताडून पाहावा. फिटनेस, विमा आणि थकलेले दंड तपासावेत. कर्जाचा बोजा असेल, तर तो उतरल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. शेवटी गाडी माल भरून चढावर चालवून पाहावी. इंजिन तापते की नाही, हे रिकाम्या गाडीवर कळत नाही.

घनता, दाब किंवा तापमान शिकवताना वर्गात हे हिशेब जरूर करून घ्यावेत. पंप, चुंबक आणि टेप एवढेच साहित्य लागते. घरी जाऊन एखादी मुलगी वडिलांना ‘गाडी सकाळी थंड असतानाच बघा’ असे सांगेल, आणि का बघायचे तेही समजावून देईल.